वजन घटते, दाम चढतो : हलक्या शिकारी रायफलींविषयी मालकांचे म्हणणे

कापडाच्या धंद्यात नव्या गिऱ्हाइकाला एक गोष्ट नेहमी समजावून सांगावी लागते. तो आधी जाड लठ्ठा हातात घेतो, मग मलमल हातात घेतो आणि विचारतो, "शेठ, यात तर सूतच कमी आहे, मग दाम जास्त कसा?" बारीक सुताला लांब धाग्याचा कापूस लागतो, मागावर तार वारंवार तुटते, विणणारा हात कसबी लागतो आणि दिवसाकाठी कापड कमी उतरते. आमच्या मालेगाव-भिवंडीच्या बांधवांना हे सांगायला नको. पण गिऱ्हाइकाला सांगावे लागते, आणि सांगूनही त्याला पटतेच असे नाही.

हाच सवाल-जवाब अमेरिकेतील बंदुकांच्या दुकानांतून रोज होत असतो. तेथे डोंगरातल्या शिकारीसाठी हलकी बोल्ट-अॅक्शन रायफल मिळते. ती साध्या रायफलीपेक्षा अर्धा-पाऊण किलो कमी भरते, आणि तिची किंमत मात्र दुप्पट, चौपट, कधी त्याहूनही जास्त असते. लोखंड कमी, लाकूड तर नाहीच, तरी दाम चढा. खरेदीदार तो देतो. मग दोन-तीन हंगाम ती रायफल खांद्यावर वाहून झाल्यावर तो जे बोलतो, ते ऐकण्यासारखे असते.

वाचकांना वाटेल, हा विषय या पानावर कशासाठी? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ बंदच केली. तेव्हा कोणी रायफल घ्यावी अशी शिफारस करण्याचा आमचा इरादा नाही. आम्हाला रस आहे तो मालकांच्या मतांत. साडी घेऊन गेलेली बाई कापड आटले तर दुसऱ्या दिवशी दुकानात येते. पण रंग तीन वर्षे कसा टिकला हे सांगायला कोणी येत नाही. रायफलीचा मालक मात्र तीन वर्षांनीही बोलतो, दहा वर्षांनीही बोलतो आणि स्क्रूपर्यंत बारकाईने बोलतो. त्याच्या बोलण्याने नामांकित कारखान्यांची पत वर-खाली झाली आहे. व्यापारी आणि कारागीर अशा दोघांच्याही कामाचा हा मामला आहे.

ओझे कोणाच्या खांद्यावर?

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोल्ट-अॅक्शन म्हणजे दाराच्या कडीसारखा व्यवहार. दांडा वर उचलून मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलला की नवे आत जाते, खाली दाबला की कडी लागली. जर्मनीच्या पॉल माउझर यांनी १८९८ साली लष्करासाठी जी रायफल पक्की केली, तिच्याच लेकी-नाती आज जगभर शिकारीसाठी वापरल्या जातात. भाग थोडे, बिघाड कमी.

हलकेपणाची मागणी मात्र फार जुनी नाही, आणि त्याचे कारण मजेदार आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत साहेब लोक वाघ-हत्तींसाठी जड दुनळी रायफली वापरीत. मोठ्या मापाची दुनळी पाच-सहा किलोची असे. पण ती साहेबाच्या खांद्यावर नसे. ती उचलायला खिदमतगार असे. जनावर दिसले की तो बंदूक साहेबाच्या हातात देई. ज्याने खरेदी केली त्याने कधी वाहिली नाही, आणि ज्याने वाहिली त्याचे मत कोणी विचारले नाही. अशा बाजारात माल हलका कशाला होईल?

जो एकटा पायी फिरत असे त्याची निवड वेगळी पडली. जिम कॉर्बेट यांना १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ मापाची माउझर पद्धतीची रायफल भेट मिळाली. त्यांच्याकडे जड दुनळीही होती, पण कुमाऊंच्या डोंगरात ही हलकी रायफल त्यांच्या जवळची झाली. ही रायफल २०१५ मध्ये खुद्द रिग्बी कंपनीने परत विकत घेतली. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने तर लहान मापाच्या हलक्या रायफलींनी शेकडो हत्ती मारले. (त्या कत्तलीची तारीफ करण्याची आमची इच्छा नाही, मुद्दा रायफलीचा आहे.) बेलही पायी मैलोन्‌मैल चालणारा माणूस.

आज अमेरिकेच्या रॉकी पर्वतात, अलास्कात, न्यूझीलंडच्या उंच कड्यांवर शिकारीला जाणारा माणूस स्वतःचे ओझे स्वतः वाहतो. न्यूझीलंडात तर आपल्या हिमालयातलेच जनावर आहे. १९०४ साली तेथे ताहर नावाच्या रानबकऱ्या नेऊन सोडल्या, त्या इतक्या वाढल्या की त्यांची संख्या आवरणे हे तेथील सरकारचे एक कामच होऊन बसले. तंबू, अन्न, दुर्बीण, पाणी, आणि त्यावर रायफल. येताना मांसही पाठीवर. अशा माणसाला अर्धा किलो म्हणजे काय हे विचारावे.

पिसाचे नाव आणि १९६४ चा धडा

कारखान्यात हलकी रायफल काढून तिला तसे नाव देण्याची गोष्ट निघाली की अमेरिकेतील लोक विंचेस्टर कंपनीच्या मॉडेल ७० चे नाव घेतात. ही रायफल १९३६ साली निघाली आणि शिकाऱ्यांच्या पसंतीस उतरली. १९५२ मध्ये कंपनीने तिची 'फेदरवेट' म्हणजे पिसाच्या वजनाची आवृत्ती काढली. नळी बारीक आणि आखूड केली, चापाभोवतीची कडी आणि मॅगझिनखालची पट्टी पोलादाऐवजी अॅल्युमिनियमची केली. वजन तीन किलोच्या आसपास आले. आजच्या हिशेबाने हे काही पीस नव्हे, पण तेव्हा लोक खूष झाले.

या रायफलीची कीर्ती वाढवणारा माणूस जॅक ओकॉनर. 'आउटडोअर लाइफ' या मासिकात ते अनेक वर्षे बंदुकांवर लिहीत. डोंगरी मेंढ्यांची शिकार हा त्यांचा शौक आणि १९२५ साली निघालेले .२७० विंचेस्टर हे त्यांचे आवडते काडतूस. त्यांनी आपली एक फेदरवेट रायफल स्पोकेन शहराचे कारागीर अल बीसन यांच्याकडून नव्याने घडवून घेतली. अक्रोडाचा कुंदा हाताने कोरलेला, मापाला बरोबर बसलेला. ती घेऊन ते जगभर फिरले. यात आमच्या कारागीर बांधवांनी एक गोष्ट टिपावी. कारखान्यातला माल चांगला असूनही जाणत्या गिऱ्हाइकाला कुंद्यासाठी सुताराचा हात लागलाच.

पुढे १९६४ साल उजाडले. विंचेस्टरची हातकामाची मजुरी वाढत होती, आणि रेमिंग्टनने १९६२ मध्ये मॉडेल ७०० काढून स्वस्त आणि चोख मालाची स्पर्धा लावली होती. रेमिंग्टन हे नाव आपल्याकडे टाइपरायटरमुळे घराघरात गेले. मराठी टंकलेखनाच्या क्लासमध्ये ज्यांनी बोटे झिजवली त्यांना 'रेमिंग्टन कीबोर्ड' आठवत असेल. तो टाइपरायटर पहिल्यांदा काढणारा कारखाना मुळात बंदुकीचाच.

विंचेस्टरने खर्च कमी करायचे ठरवले. काडतूस पहिल्यापासून घट्ट पकडून आत नेणारा, माउझर धर्तीचा मोठा पोलादी पंजा काढून टाकला. कुंद्यावरची हाताने कोरलेली जाळी बंद करून साच्याने दाबलेली जाळी आणली. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये अशी फट ठेवली की पाहणाऱ्याला वाटावे सुताराचे माप चुकले. कागदावर हिशेब बरोबर होता. नव्या रायफलीची गोळी जुन्यापेक्षा वाईट लागत होती असेही कोणी खात्रीने म्हणत नाही. पण मालकांनी ती हातात घेतली आणि तोंड फिरवले.

साठ वर्षे झाली, तरी अमेरिकेत जुन्या रायफलींच्या बाजारात 'चौसष्टच्या आधीची' हा शब्द चालतो आणि त्या शब्दाला रोख दाम मिळतो. नाव तेच, कंपनी तीच, नमुनाही तोच. फक्त साल वेगळे आणि किंमत वेगळी. कंपनीने १९९० च्या दशकात पंजा परत आणला. तोवर मोठा बाजार रेमिंग्टनकडे गेला होता. न्यू हेवन येथील विंचेस्टरचा जुना कारखाना २००६ मध्ये बंद झाला. पुढे दुसऱ्यांनी दुसऱ्या ठिकाणी ही रायफल बनवणे चालू ठेवले, आणि फेदरवेट आजही मिळते, पंजासकट. मागावरची पैदास वाढवण्यासाठी वीण विरळ करणाऱ्यांनी ही कथा एकदा नीट वाचावी असे आम्हाला वाटते.

लाकूड गेले, केवलार आले

नळी बारीक करून वजन किती घटणार? एका मर्यादेनंतर कुंद्यावरच हात घालावा लागतो. अक्रोडाचा कुंदा एक किलोच्या आसपास भरतो. १९८० च्या दशकात पश्चिम व्हर्जिनिया राज्यातील मेल्विन फोर्ब्स यांनी केवलार आणि ग्रॅफाइटच्या धाग्यांचा कुंदा बनवला, तो जेमतेम अर्ध्या किलोचा. धागे म्हटल्यावर आमचे कान टवकारले. केवलार हे शेवटी सूतच. कापडासारखे विणायचे, राळेत भिजवून साच्यात बसवायचे, वाळले की लोखंडासारखे ताठ. फोर्ब्स यांनी रायफलीचे मधले धडही नव्याने आखले. त्याचे वजन वीस औंस, म्हणून नमुन्याचे नावच 'मॉडेल २०'. सगळी रायफल अडीच किलोच्या आत.

त्यांचे एक काम कारागिरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या काळी पातळ नळी कुंद्याला न टेकता मोकळी ठेवायची असा रिवाज रुजत होता. फोर्ब्स यांनी उलट केले. कुंदा इतका ताठ बनवला की नळी टोकापर्यंत त्यात टेकवून बसवली, म्हणजे बारीक नळी थरथरू नये. मालकांची साक्ष अशी की या रायफली हलक्या असूनही गोळी एका जागी घालतात. किंमत तेव्हाही जास्त होती, पण तक्रारी कमी. मोठ्या कंपन्यांनी धागा-राळेचा कुंदा उचलला. आखणीतली मेहनत मात्र सगळ्यांनी उचलली नाही.

लाकडाच्या कुंद्याचे कारागीर मात्र मागे पडले. आज साध्या रायफलीला साच्यातून ओतलेला प्लॅस्टिकचा कुंदा असतो आणि महाग रायफलीला कार्बनच्या धाग्याचा. अक्रोड कोरणारे हात उरले ते शौकिनांच्या फर्माइशीवर. मालक लाकडाबद्दल हळहळतात, पण पावसात लाकूड फुगले की नळीवर दाब येतो आणि निशाण सरकते, हेही तेच सांगतात. आपल्याकडे हातमाग आणि यंत्रमाग यांचे जे झाले त्याचीच ही दुसरी तऱ्हा.

खांद्याचा हिशेब

आता मालकांच्या खऱ्या बोलण्याकडे येऊ. पहिल्या आठवड्यात सगळे तारीफ करतात. रायफल एका हातात राहते, चढताना काठीसारखी वाटते, खांद्याला पट्टा कापत नाही. आणि हे खोटे नव्हे. पन्नाशी ओलांडलेले शिकारी म्हणतात की हलकी रायफल नसती तर वरच्या कड्यापर्यंत गेलोच नसतो.

नंतर गोळी झाडावी लागते. येथे विज्ञानाचा नियम आहे आणि त्यात कोणाची सवलत नाही. गोळी जितक्या जोराने पुढे जाते, त्याचा धक्का रायफलीमार्फत मागे खांद्यावर येतो. काडतूस तेच ठेवून रायफल ३.६ किलोची २.७ किलो केली, म्हणजे वजन चौथाई घटवले, तर धक्क्याची ताकद एक तृतीयांशाने वाढते आणि रायफल तितक्याच प्रमाणात जास्त वेगाने मागे येते. जो वेग वाढतो तोच बोचतो. त्यामुळे जोरदार मॅग्नम काडतुसाची हलकी रायफल घेणारे अनेक मालक वर्षभरात कबूल करतात की आता चाप दाबताना डोळा आपोआप मिटतो. डोळा मिटला की गोळी चुकते. काहींच्या भुवईवर दुर्बिणीच्या कडेने अर्धचंद्राची खूण उमटते; तेथील शिकाऱ्यांत ती खूण बरीच ओळखीची आहे.

यावर इलाज म्हणून नळीच्या तोंडाला भोके पाडलेला तुकडा बसवतात. त्यातून वायू बाजूला जातो आणि धक्का कमी होतो. पण आवाज असा होतो की शेजारी उभ्या माणसाचे कान बधिर व्हावेत. शिकाऱ्यांना वाट दाखवणारे गाइड या तुकड्याला शिव्या देतात, कारण हंगामभर कान त्यांचे जातात. धक्का मालकाचा वाचला, किंमत दुसऱ्याने दिली.

समजूतदार मालकांनी दुसरा मार्ग धरला आहे, काडतूस लहान घेण्याचा. .२४३ विंचेस्टर, १९८० मध्ये आलेले ७ मिमी-०८, किंवा २००७ मध्ये निघालेले ६.५ क्रीडमूर. हरणासाठी एवढे पुरते, आणि खांदा शाबूत राहतो. जुने शिकारी यांना 'बायका-पोरांची काडतुसे' म्हणत हिणवीत. आता तेच ती वापरतात आणि आपसात न बोललेलेच बरे असे समजतात.

दुसरी तक्रार हाताच्या थरथरीची. चढाव चढून छाती धडधडत असते, अशा वेळी जड रायफल आपल्या वजनाने स्थिर राहते. हलकी रायफल प्रत्येक श्वासाबरोबर हलते. ज्या शिंप्याने पातळ रेशीम कापले आहे त्याला हे समजेल. जाड कापड मेजावर पडून राहते, रेशीम कात्रीखाली सरकते. म्हणून अनुभवी मालक सांगतात की वजन कमी करायचे तर कुंद्यातून करा, नळीच्या पुढच्या टोकाला थोडे वजन राहू द्या. सगळीकडून सारखेच कापले की रायफल हातात 'मरते', असा त्यांचा शब्दप्रयोग आहे.

तिसरी, बारीक नळी लवकर तापते. पहिल्या दोन-तीन गोळ्या जागेवर, चौथी-पाचवी बाजूला. याबाबत मालकांत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, शिकारीत थंड नळीची पहिली गोळीच कामाची, बाकीचा हिशेब कशाला? दुसरा तट म्हणतो, निशाण बसवताना आणि सराव करताना नळी थंड होण्याची वाट पाहत अर्धा दिवस जातो, मग माणूस सरावच सोडून देतो. आमचे मत दुसऱ्या तटाच्या बाजूचे आहे. ज्या अवजाराचा सराव करावासा वाटत नाही, ते अवजार वेळेवर धोका देते. आणि येथे धोका म्हणजे काचेचे भांडे फुटणे नव्हे. गोळी थोडी मागे लागली तर जनावर जखमी होऊन दरीत निघून जाते आणि तेथे तडफडून मरते. ज्या मालकांच्या हातून एकदा असे झाले आहे ते वजनाच्या गोष्टी फार कमी करतात.

तीन मालक, तीन तऱ्हा

तीन रायफलींच्या मालकांची बोलणी शेजारी ठेवली की बाजार समजतो.

किंबर कंपनीची ८४एम ही २००१ साली आली. काडतुसाच्या मापानेच मधले धड आखलेले, माउझरसारखा पंजा, आणि वजन अडीच किलोच्या आसपास. पुढच्या एका नमुन्यात तर सव्वादोन किलोच्याही आत. मालकांत दोन टोके. एकजण म्हणेल, आयुष्यात इतकी सुंदर रायफल हातात घेतली नाही. दुसरा म्हणेल, तीन वेळा कारखान्यात परत पाठवली, गोळी एका जागी येतच नाही. दोघेही खरे बोलतात. अतिशय हलक्या मालात घडणीची चूक झाकायला जागाच उरत नाही. शंभर काउंटच्या सुतात एक गाठ आली तर कापडावर दिसते, वीसच्या सुतात ती लपून जाते. आणखी एक बारीक तक्रार. वजन वाचवण्यासाठी काही नमुन्यांत मॅगझिनला खालून झाकणच नाही. संध्याकाळी रायफल रिकामी करायची तर प्रत्येक काडतूस बोल्टने नळीच्या तोंडी नेऊन बाहेर काढावे लागते. थंडीने बोटे आखडलेली, अंधार पडलेला, त्यात हे काम मालकांना नको वाटते, आणि त्यांचे चुकत नाही.

दुसरी फिनलंडची टिक्का. हे नाव ऐकून खवय्यांच्या तोंडाला पाणी सुटेल, पण ते टिक्काकोस्की नावाच्या गावावरून आले आहे. हा जुना कारखाना एके काळी शिवणयंत्रेही बनवीत असे. पुढे तो साको कंपनीत मिसळला. २००३ मध्ये टी-३ नावाची रायफल निघाली. हलका नमुना तीन किलोपेक्षा थोडा कमी, किंमत किंबरच्या निम्म्याच्या आसपास. मालकांचे एकमत असे की बोल्ट लोण्यासारखा सरकतो, चाप स्वच्छ तुटतो आणि पेटीतून काढल्या काढल्या गोळी जागेवर जाते. तक्रारीही ठरलेल्या होत्या. कुंदा पोकळ असल्याने झाडाला घासला की डब्यासारखा वाजतो. बोल्टच्या मागची टोपी प्लॅस्टिकची. धक्का झेलणारा आतला तुकडा अॅल्युमिनियमचा, तो जोरदार काडतुसाने दबतो. रबरी गादी कडक.

कंपनीने यावर जाहिरातीतून वाद घातला नाही. २०१६ मध्ये टी-३एक्स नावाने सुधारलेला नमुना आला, त्यात कुंद्याच्या पोकळीत फोम भरलेला, मागची टोपी धातूची, आतला तुकडा पोलादी आणि गादी मऊ. तक्रारींची यादी समोर ठेवून एकेक ओळ खोडत गेल्यासारखे काम. त्याने वजन किंचित वाढले; त्याबद्दल कोणा मालकाने हरकत घेतल्याचे आमच्या वाचनात नाही.

तिसरी रुगर कंपनीची 'अमेरिकन', २०१२ ची. छापील किंमत तेव्हा साडेचारशे डॉलरच्या आसपास, वजन तीन किलोच्या आत. हिचे मालक तारीफ करताना आधी माफी मागतात. बोल्ट खरखरतो, कुंद्याचा पुढचा भाग बोटांनी दाबला तर वाकून नळीला टेकतो, दिसायला साधी. पण गोळी महाग रायफलीच्या तोडीस तोड लागते. दगडावर आपटली तरी काळजाला घरे पडत नाहीत. ज्याला वर्षातून चार दिवस शिकारीला जायचे आहे आणि घर चालवायचे आहे, त्याचा हा माल.

या तिन्हींच्या वर टायटॅनियमचे धड आणि कार्बनच्या कुंद्याच्या रायफली आहेत. वेदरबी कंपनीची अशी एक सव्वादोन किलोच्या आतली, किंमत तीन हजार डॉलरच्या वर. साध्या रुगरपेक्षा वजन अर्धा-पाऊण किलोने कमी. हिशेब करा, एकेका ग्रॅमला तीन डॉलरपेक्षा जास्त. सोने नाही, पण चांदी नक्कीच मागे पडावी असा भाव.

मत ऐकावे कसे?

आमच्या पेढीवरच्या अनुभवाने सांगतो, मालकाचे मत हे मालासारखेच पारखून घ्यावे लागते. ज्याने नुकतेच तीन हजार डॉलर मोजले तो पहिल्या महिन्यात रायफलीची निंदा करणार नाही, कारण ती त्याच्या अकलेची निंदा होईल. त्याचप्रमाणे, ज्याला पहिल्याच दिवशी एक स्क्रू ढिला मिळाला तो पुढे दहा वर्षे तेवढेच सांगत फिरतो. कामाचा साक्षीदार तो, जो विचारल्यावर आकडे सांगतो. किती काडतुसे झाडली, कोणत्या हंगामात, दुर्बिणीसह वजन किती भरले.

हा दुर्बिणीचा मुद्दा मोठा आहे. कंपनी जे वजन छापते ते नंग्या रायफलीचे. त्यावर दुर्बीण आणि तिच्या कड्या अर्धा किलो, पट्टा आणि काडतुसे पाव किलो. अडीच किलोची रायफल डोंगरात सव्वातीन किलोची होते. काहीजण हलकी रायफल घेऊन तिच्यावर पाऊण किलोची मोठी दुर्बीण चढवतात. मग जुनेजाणते हसतात. मलमलीचा अंगरखा शिवून त्याला जाड कॅनव्हासचे अस्तर लावण्यातला हा प्रकार.

दुसरी खूण अशी की खरा मालक शेवटी कोठे थांबला हे पाहावे. फार हलक्या रायफलीपर्यंत जाऊन परत आलेल्यांची संख्या त्या बाजारात कमी नाही. बहुतेकांचा मुक्काम दुर्बिणीसह तीन-सव्वातीन किलोवर पडतो. त्याखाली गेले की गोळी नीट लागत नाही, त्यावर गेले की पाय बोलतात. जॅक ओकॉनर यांच्या जमान्यात हाच मुक्काम साडेतीन किलोच्या आसपास होता. सत्तर वर्षांच्या संशोधनाने, केवलारने, टायटॅनियमने खरा फरक पडला तो एवढाच. आम्हाला हे वाचून गंमत वाटली आणि थोडा दिलासाही.

रेमिंग्टनचीही खबर देऊन ठेवतो. १९८३ मध्ये त्यांनी आखूड नळीची मॉडेल सेव्हन काढली, १९८६ मध्ये मॉडेल ७०० ची 'माउंटन रायफल'. दोन्हींना मालकांची चांगली साक्ष होती आणि जुन्या मालाला अजून मागणी आहे. पण कंपनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली, तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातील इलियन गावातला दोनशे वर्षांचा तिचा वारसा सांगणारा कारखाना २०२४ मध्ये बंद झाला. गावातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामगारांचे हात रिकामे झाले. माल चांगला असून पेढी बुडते, याची कारणे कर्जात आणि मालकी बदलण्यात असतात. ती रायफलीच्या मालकाला दिसत नाहीत.

त्याला दिसतो तो जुन्या रायफलींचा फळा. अमेरिकेतील दुकानदार सांगतात की जोरदार काडतुसाच्या, अतिशय हलक्या रायफली हंगाम संपला की विकायला येतात, जवळजवळ कोऱ्या. नळीवर ओरखडा नाही. सोबत वीस काडतुसांची पेटी असते आणि तिच्यात सोळा-सतरा शिल्लक असतात.